अनेक फोल्डरांचे एकत्र दर्शन

शाळेच्या दप्तरात जसे कागद साठत जातात, तसेच शाळेच्या संगणकातही साहित्य साठत जाते. पाठ्यपुस्तकांच्या फाइली, केंद्राकडून आलेले स्वाध्याय, प्रशिक्षणवर्गात मिळालेल्या चित्रफिती, बदली होऊन गेलेल्या शिक्षकाने तयार केलेले तक्ते आणि सध्याच्या शिक्षकाने काल रात्री टंकलिखित केलेली चाचणी, या सर्वांचा उगम निराळा असतो. म्हणून त्यांचे फोल्डरही निराळे असतात. वर्गात शिकविण्याच्या वेळी मात्र शिक्षकाला हे सर्व एकाच ठिकाणी हवे असते. अपूर्णांकांचा पाठ चालू असताना तीन फोल्डर उघडून शोध घेत बसण्यास तासिकेत सवड नसते.

अशा वेळी सहज सुचणारा उपाय म्हणजे सर्व फोल्डरांतील फाइली उचलून एका नव्या फोल्डरात भरणे. हा उपाय सोपा दिसतो; तथापि त्यात मोठा धोका आहे. दोन फोल्डरांत एकाच नावाची फाइल असली, की आधीच्या फाइलीच्या जागी नवी ठेवावी काय, असे संगणक विचारतो. घाईत 'होय' म्हटले जाते आणि आधीची फाइल नाहीशी होते. एखाद्या शिक्षकाने चार वर्षे सुधारत आणलेला तक्ता अशा एका 'होय'ने जाऊ शकतो, आणि तो गेला हेही पुष्कळदा पुढच्या वर्षी तो पाठ येईपर्यंत कळत नाही. शिवाय कोणती फाइल कोठून आली याची खूणही या भरणीत पुसली जाते. केंद्राकडून आलेले मूळ कोणते आणि शाळेत सुधारलेले कोणते, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

मूळ साहित्य जेथल्या तेथे राहावे, त्यास धक्का लागू नये, आणि तरीही ते सर्व एका ठिकाणी दिसावे, अशी सोय संगणकात आहे. तिला युनियन फाइलसिस्टिम म्हणतात. मराठीत तिला संयुक्त फाइलव्यवस्था म्हणता येईल. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांत ही सोय 'ओव्हरले' या नावाने अंगभूतच असते. तिची रचना कशी असते आणि ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

थर आणि त्यांचा क्रम

भूगोलाच्या तासाला शिक्षक नकाशावर पारदर्शक कागद ठेवतात आणि त्यावर नद्या काढतात. त्यावर दुसरा कागद ठेवून लोहमार्ग काढतात. वरून पाहणाऱ्याला एकच पूर्ण नकाशा दिसतो. पण खालच्या छापील नकाशावर शाईचा एक ठिपकाही पडलेला नसतो. कागद उचलला की मूळ नकाशा जसाच्या तसा. संयुक्त फाइलव्यवस्थेचे तत्त्व हेच होय. तीत फोल्डर एकमेकांत मिसळले जात नाहीत. ते थरांसारखे एकावर एक ठेवले जातात, आणि वरून जे दिसते ते एका निराळ्या नावाच्या फोल्डरात दाखविले जाते.

उदाहरणादाखल असे समजू, की शाळेच्या संगणकात तीन फोल्डर आहेत. सर्वांत खाली 'मूळ' : यात बाहेरून आलेले साहित्य. त्यावर 'पूर्वीचे' : यात आधीच्या शिक्षकाने केलेले साहित्य. सर्वांत वर 'चालू' : यात सध्याच्या शिक्षकाचे साहित्य. या तिन्हींत 'गणित' नावाचा एकेक फोल्डर आहे. 'मूळ'मधील गणितात अपूर्णांक, मापन व भूमिती या तीन फाइली आहेत. 'पूर्वीचे'मधील गणितात अपूर्णांक व पाढे या दोन आहेत. 'चालू'मधील गणितात चाचणी ही एकच आहे. हे तीन थर जोडून त्यांचे दर्शन 'एकत्र' या चौथ्या फोल्डरात घेतले, तर तेथे एकच 'गणित' दिसेल आणि त्यात अपूर्णांक, मापन, भूमिती, पाढे व चाचणी अशा पाच फाइली दिसतील.

प्रत्यक्षात फाइली सहा होत्या, दिसतात मात्र पाच. एक गेली काय? गेली नाही, झाकली गेली. अपूर्णांक या नावाच्या दोन फाइली होत्या. नाव सारखे असेल तेथे वरच्या थरातील फाइल दिसावी आणि खालची झाकली जावी, असा नियम आहे. म्हणून 'पूर्वीचे'मधील अपूर्णांक दिसते, 'मूळ'मधील दिसत नाही. 'मूळ' फोल्डर थेट उघडून पाहिल्यास ती तेथे सुखरूप असल्याचे आढळेल.

या ठिकाणी पारदर्शक कागदाचा दृष्टान्त थोडा अपुरा पडतो. कागदावर जेथे रेघ नाही तेथून खालचे दिसते. फाइलीचे तसे नसते. वरच्या फाइलीत दोनच ओळी असल्या आणि खालच्या फाइलीत वीस पाने असली, तरी वरच्या दोन ओळीच दिसतात. वीस पानांपैकी एकही पान खालून डोकावत नाही. फोल्डर पारदर्शक असतो. फाइल अपारदर्शक असते. सारख्या नावाचे फोल्डर एकमेकांत मिळून दिसतात, सारख्या नावाच्या फाइली एकमेकींना झाकतात. हा एक भेद पक्का ध्यानात आला, की या व्यवस्थेत गोंधळ होण्याची बहुतेक कारणे दूर होतात.

लेखन कोठे होते

दर्शन घेण्यापुरते हे ठीक. परंतु शिक्षकाला 'एकत्र'मध्ये काही लिहावयाचे असेल तर ते कोठे जाईल? याचे उत्तर ठरलेले आहे : लेखन नेहमी सर्वांत वरच्या थरात होते. खालचे सर्व थर केवळ वाचनासाठी असतात. नवी फाइल केली तर ती 'चालू'मध्ये जाते, हे उघड आहे. खालच्या थरातील फाइलीत दुरुस्ती केली तर काय होते, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे.

समजा, शिक्षकाने 'एकत्र'मधून अपूर्णांक ही फाइल उघडली आणि तीत एक नवे उदाहरण घातले. ती फाइल आहे 'पूर्वीचे'मध्ये, आणि तेथे तर लिहिण्यास मज्जाव. अशा वेळी व्यवस्था त्या संपूर्ण फाइलीची एक प्रत आपोआप 'चालू'मध्ये आणते आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करते. येथून पुढे 'एकत्र'मध्ये ही सुधारलेली प्रत दिसू लागते. आता अपूर्णांक या फाइलीच्या तीन प्रती झाल्या : केंद्राची, आधीच्या शिक्षकाची आणि सध्याच्या शिक्षकाची. तिन्ही आपापल्या जागी शाबूत आहेत. एकाच्या सुधारणेने दुसऱ्याचे काम पुसले गेले नाही.

प्रत संपूर्ण फाइलीची होते, तिच्या बदललेल्या भागाची नव्हे, ही गोष्ट विसरू नये. मजकुराच्या लहान फाइलीस याची झळ लागत नाही. परंतु मोठ्या चित्रफितीत एखादा किरकोळ बदल करून ती त्याच नावाने ठेवली, तर सबंध चित्रफितीएवढी जागा 'चालू'मध्ये नव्याने व्यापली जाते. डिस्क लवकर भरण्याचे हे एक कारण असते.

खोडण्याचा अर्थ

लेखनापेक्षाही खोडण्याची रीत अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. शिक्षकाने 'एकत्र'मधून मापन ही फाइल काढून टाकली असे समजू. ती आहे 'मूळ'मध्ये. तेथील काहीही पुसण्याचा अधिकार या व्यवस्थेला नाही. मग ती दिसेनाशी कशी व्हावी? यासाठी 'चालू'मध्ये त्याच नावाची एक खूण ठेवली जाते. तिला व्हाइटआउट म्हणतात. चुकीच्या अक्षरावर पांढरा कागदाचा तुकडा चिकटवावा, तशी ही खूण. तिचा अर्थ इतकाच, की या नावाचे खाली काही असले तरी ते दाखवू नये. 'एकत्र'मधून मापन नाहीसे होते. 'मूळ'मध्ये ते तसेच असते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चुकून खोडलेली खालच्या थरातील फाइल परत मिळू शकते. जोडणी सोडवून 'चालू'मधील ती खूण काढली आणि पुन्हा जोडणी केली, की फाइल पुन्हा दिसू लागते. दुसरी, खालची फाइल खोडल्याने जागा मुळीच मोकळी होत नाही. डिस्क भरली म्हणून 'एकत्र'मधून 'मूळ'मधील चित्रफिती खोडत बसणे व्यर्थ होय. मात्र जी फाइल केवळ 'चालू'मध्येच होती, ती खोडल्यास खरोखरच जाते. तिची प्रत खालच्या कोणत्याही थरात नसते.

सबंध फोल्डर खोडून त्याच नावाचा नवा फोल्डर केला, तर त्या नव्या फोल्डरावर 'अपारदर्शक' अशी खूण केली जाते. त्यामुळे जुन्या फोल्डरातील फाइली खालून पुन्हा वर येत नाहीत. फोल्डर पारदर्शक असतो या नियमाला हा एवढाच अपवाद आहे.

या कल्पनेचा इतिहास

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1980 नंतरच्या दशकात केन थॉम्पसन, रॉब पाइक आदी तज्ज्ञांनी 'प्लॅन 9' ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. तीत अनेक फोल्डर एका नावाखाली जोडण्याची सोय होती. ती प्रणाली 1992 मध्ये विद्यापीठांना उपलब्ध झाली. पण तेथे केवळ सर्वांत वरची पातळी एकत्र दिसे. आतील सारख्या नावाचे फोल्डर एकमेकांत मिळत नसत.

लिनक्ससाठी अमेरिकेतील स्टोनी ब्रूक विद्यापीठात एरेझ झादोक व त्यांचे विद्यार्थी यांनी 2004 च्या सुमारास युनियनएफएस ही रचना तयार केली. जपानमधील जुनजिरो ओकाजिमा यांनी 2006 मध्ये एयूएफएस ही रचना पुढे आणली. दोन्हींचा वापर पुष्कळ झाला. परंतु लिनक्सच्या मुख्य गाभ्यात त्यांस स्थान मिळाले नाही. पुढे मिक्लोश सेरेदी यांनी कमी गुंतागुंतीची ओव्हरले ही रचना केली. डिसेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या 3.18 या आवृत्तीत ती समाविष्ट झाली, आणि 2015 मधील 4.0 या आवृत्तीपासून एकाहून अधिक खालचे थर ठेवण्याची सोयही आली.

जेथे मूळ वस्तू बदलता येत नाही किंवा बदलू द्यावयाची नसते, तेथे या रचनेचा उपयोग होतो. सीडीवर लिहिता येत नाही. तरी सीडीवरून चालणाऱ्या नॉपिक्ससारख्या प्रणालीत फाइल बदलता येत असे, कारण सीडी हा खालचा थर आणि संगणकाची तात्पुरती स्मृती हा वरचा थर असे. इंटरनेट वाटून देणाऱ्या राउटर यंत्रांत ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली हीच युक्ती योजते. मूळ प्रणाली खालच्या थरात बंद असते आणि मालकाने केलेले फेरफार वरच्या थरात राहतात. फेरफार बिघडले तर वरचा थर पुसावयाचा, की यंत्र पुन्हा नव्यासारखे होते.

रास्पबेरी पाय हा लहान संगणक वापरणाऱ्या शाळांना यातील एक सोय विशेष उपयोगी आहे. त्याच्या मांडणीच्या यादीत ओव्हरले चालू करण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यावर मुलांनी दिवसभर केलेले फेरफार तात्पुरत्या स्मृतीत राहतात. कार्डावर काहीच लिहिले जात नाही. वीज अचानक गेल्यास लिहिणे अर्धवट राहून कार्ड बिघडण्याचा जो संभव असतो, तो यामुळे पुष्कळ कमी होतो. पण याच कारणाने मुलांचे कामही संगणक बंद होताच जाते. राखून ठेवावयाचे काम आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे लागते.

प्रत्यक्ष जोडणी

लिनक्समध्ये ही जोडणी 'माउंट' या आज्ञेने होते आणि तीस संगणकाच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. विंडोज प्रणालीत ही आज्ञा थेट चालत नाही. आज्ञेत 'ओव्हरले' हा प्रकार सांगून पुढे चार गोष्टी द्यावयाच्या असतात. 'लोअरडिर' या पदापुढे खालच्या थरांची नावे येतात. ती अपूर्णविरामाने वेगळी करावयाची, आणि डावीकडील थर वरचा मानला जातो. आपल्या उदाहरणात आधी 'पूर्वीचे' व नंतर 'मूळ' असे लिहावे लागेल. क्रम उलटा झाला तर आधीच्या शिक्षकाची सुधारलेली फाइल मूळ फाइलीखाली झाकली जाईल. 'अपरडिर'पुढे 'चालू' हे नाव येते. 'वर्कडिर'पुढे एका रिकाम्या फोल्डराचे नाव द्यावयाचे. तो व्यवस्थेच्या स्वतःच्या कामासाठी असून 'चालू' ज्या विभागावर आहे त्याच विभागावर असावा लागतो. शेवटी 'एकत्र' हे दर्शनाच्या फोल्डराचे नाव. केवळ वाचनच करावयाचे असेल, तर वरचा थर व कामाचा फोल्डर न देता दोन किंवा अधिक खालचे थर जोडता येतात. वर्गात मुलांच्या हाती देण्यास ही रीत सर्वांत निर्धोक होय.

ही जोडणी संगणक बंद होताच सुटते. पुन्हा सुरू केल्यावर 'एकत्र' रिकामा दिसला तर घाबरू नये. साहित्य आपापल्या थरांत असते, फक्त जोडणी नसते. अशा रिकाम्या फोल्डरात काही ठेवूही नये, कारण जोडणी झाल्यावर ते झाकले जाईल. संगणक सुरू होताच जोडणी आपोआप व्हावी, अशी नोंद 'एफएसटॅब' या फाइलीत करून ठेवता येते.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

(1) जोडणी चालू असताना 'मूळ', 'पूर्वीचे' किंवा 'चालू' हे फोल्डर थेट उघडून त्यांत बदल करू नयेत. तसे केल्यास 'एकत्र'मध्ये काय दिसेल याची खात्री देता येत नाही. खालच्या थरात नवे साहित्य घालावयाचे असेल तर आधी जोडणी सोडवावी, मग साहित्य घालावे आणि पुन्हा जोडणी करावी.

(2) नावांच्या शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. एका थरात 'गणित' आणि दुसऱ्यात 'गणीत' असले, तर ते दोन निराळे फोल्डर ठरतात आणि मिळून दिसत नाहीत. संगणक अर्थ पाहत नाही, नावातील संकेतांक पाहतो. 'ऱ' हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते आणि 'र' व खालचा बिंदू अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती निराळी असतात. यास्तव महत्त्वाच्या फोल्डरांची नावे लहान व साधी ठेवावीत आणि शाळेत एकच टंकनपद्धती वापरावी.

(3) फॅट पद्धतीने आखलेला पेनड्राइव्ह वरचा थर म्हणून वापरता येत नाही, कारण आवश्यक त्या खुणा ठेवण्याची सोय त्या पद्धतीत नसते. पेनड्राइव्हवरील साहित्य आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

(4) ही व्यवस्था म्हणजे राखीव प्रत नव्हे. तिन्ही थर एकाच डिस्कवर असले आणि डिस्क बिघडली, तर तिन्ही जातात. निराळ्या ठिकाणी प्रत ठेवण्याचे काम स्वतंत्रपणे केलेच पाहिजे. त्यात एक सवलत मात्र आहे : खालचे थर बदलत नसल्याने त्यांची प्रत एकदा घेतली की पुरे, दर आठवड्यास केवळ 'चालू'ची प्रत घ्यावी लागते.

सहशिक्षकांना हा विषय समजावून देताना संगणकापूर्वी कागद वापरावा. एका कागदावर मूळच्या तीन फाइलींची नावे, दुसऱ्यावर पूर्वीच्या दोन व तिसऱ्यावर चालू असलेली एक नाव लिहून मांडावी. अपूर्णांकात दुरुस्ती आणि मापन खोडणे या दोन क्रिया तिसऱ्या कागदावर करून दाखवाव्यात आणि विचारावे, की आता एकत्र किती फाइली दिसतील? उत्तर चार. आणि 'मूळ'मध्ये किती उरल्या? उत्तर तीनच, पूर्वीइतक्याच. ही दोन उत्तरे ज्यास बिनचूक देता आली, त्यास ही व्यवस्था समजली असे मानण्यास हरकत नाही.

बदलीच्या वेळी या रचनेचा खरा लाभ दिसून येतो. कार्यभार देताना जाणाऱ्या शिक्षकाने आपला 'चालू' फोल्डर वर्षाचे नाव देऊन मिटवावा आणि थरांचा क्रम एका कागदावर लिहून द्यावा. येणाऱ्या शिक्षकाने तो फोल्डर 'पूर्वीचे'च्या वर, खालच्या थरांत जोडावा आणि स्वतःसाठी एक रिकामा 'चालू' फोल्डर घ्यावा. जाणाऱ्याने ठेवलेल्या खोडण्याच्या खुणा त्या थरातही तशाच लागू राहतात, म्हणून काही दिसेनासे वाटल्यास तो फोल्डर प्रथम तपासावा. याप्रमाणे तीन थरांचे चार होतील, चारांचे पाच होतील. प्रत्येक शिक्षकास आधीच्या सर्वांचे काम एकत्र मिळेल, त्यात हवी ती सुधारणा करता येईल, आणि आधी काम करून गेलेल्यांपैकी कोणाचेही एक पानसुद्धा पुसले जाणार नाही.